विश्रांतीचा बेत

प्रवास म्हटला की आमच्या घरी प्रथम देव आठवतो. वर्षाकाठी एकदा बेळगावहून चोर्ला घाट उतरून कवळ्याला जायचे, श्रीशांतादुर्गेची ओटी भरायची, अग्रशाळेत एक-दोन रात्री काढायच्या आणि परतायचे, हा क्रम वडिलांच्या वेळेपासून चालत आला आहे. कोणी विचारले तर आम्ही 'गोव्याला जाऊन आलो' असे सांगतो. परंतु इतक्या वर्षांत तेथल्या समुद्राकाठी वाळूत बसून घटकाभर घालविल्याचे मला स्मरत नाही.

गेल्या भाद्रपदात आईचे वर्षश्राद्ध झाले. अखेरची अकरा वर्षे ती अंथरुणाला खिळून होती आणि त्या अकरा वर्षांत सौभाग्यवतीला सलग झोप अशी क्वचितच मिळाली असेल. श्राद्धाची भांडी आवरून ती ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, मला कुठे तरी नुसते बसायचे आहे. जिथे कोणी हाक मारणार नाही, अशा जागी." मागणी एवढीच होती. संसारात तिने माझ्याकडे स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट, हे ध्यानात येऊन मी ओशाळलो आणि उत्साहाने नकाशा पुढे ओढला.

शोधता शोधता अंदमानातील एका लहानशा बेटावर दृष्टी स्थिरावली. पूर्वी त्याला नील म्हणत. 2018 साली त्याचे नाव 'शहीद द्वीप' असे ठेवण्यात आले. 1943 च्या डिसेंबरात नेताजी सुभाषचंद्र अंदमानात आले असता त्यांनी सुचविलेल्या 'शहीद' आणि 'स्वराज' या नावांचे ते स्मरण आहे. परंतु माझे मन गुंतले ते तेथल्या गावांच्या नावांत. रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर! पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या बंगाली कुटुंबांना 1960 नंतरच्या दशकात या बेटावर जमिनी मिळाल्या. त्यांनी रान साफ करून भाजीपाल्याचे मळे उभे केले. आजही आसपासच्या बेटांना तेथून भाजी जाते. घरदार सुटलेल्या माणसांच्या वस्त्यांना वनवासी राजकुटुंबाची नावे मिळावीत, यातले मर्म आपल्याला निराळे सांगावयास नको. आपली शांतादुर्गाही मूळची केळोशीची. सोळाव्या शतकातील धर्मच्छळात भक्तांनी तिला नदीपार कवळ्याला आणले. उखडलेला मनुष्य देवाचे नाव बरोबर घेऊनच नवी जमीन आपलीशी करतो.

बेत आखताना पंचांग कामी आले, ही गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. तिच्यापाशी ओहोटीच्या वेळीच जाता येते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असल्याने ओहोटीचे पाणीही अधिक दूर हटते. पावसाचा विचार करता डिसेंबर ते एप्रिल हा काळ बरा. तेव्हा माघ शुद्ध पंचमीची देवीची जत्रा करावी आणि पौर्णिमेला बेटावर असावे, असे ठरविले. आपले घड्याळ तेथे सूर्याच्या बरेच मागे चालते. हिवाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमारासच दिवस मावळतो. म्हणून मी पहाटे सीतापूरला सूर्योदय, सकाळी भरतपूरला स्नान, दुपारी मळे, सायंकाळी लक्ष्मणपूरला सूर्यास्त असा सहा दिवसांचा तक्ता सुवाच्य अक्षरांत लिहून तिच्यापुढे ठेवला.

तिने तो शांतपणे वाचला आणि विचारले, "यात मी बसायचे केव्हा?"

मी निरुत्तर झालो. अकरा वर्षे औषधांच्या वेळा पाळणाऱ्या बाईच्या हाती मी आणखी एक वेळापत्रक दिले होते. तिने पेन्सिल घेतली आणि मधल्या तीन दिवसांवर आडवी रेघ ओढली. जाण्याचा दिवस ठेवला. सरकारी बोट हवामानामुळे रद्द झाली तर विमान चुकू नये, म्हणून परतीच्या आधी राखलेला एक दिवसही तिने मान्य केला. कारागृहाच्या दर्शनाचा दिवस मात्र मी काढू दिला नाही. 1906 साली बांधून पुऱ्या झालेल्या त्या इमारतीत 1911 पासून सावरकरांनी कोठडी भोगली. माझ्या लहानपणी अंदमान म्हणजे काळे पाणीच. ज्या समुद्रापलीकडे माणसांना शिक्षेसाठी धाडले, तेथे आपण विसाव्यासाठी जावे, याचा मनाला थोडा संकोच वाटतो. ती म्हणाली, "आधी तिथे हात जोडू, मग बेटावर जाऊ. त्यांनी सोसले ते पुढच्यांना सुखाने बसता यावे म्हणूनच ना?"

तरीही एक शंका उरली होती. देवदर्शनाशिवाय एवढा दूरचा प्रवास आमच्या घरात कोणी केलेला नाही. म्हणून मी भीत भीत सुचविले, "जत्रेला जातोच आहोत, तर देवीला कौल लावून पाहू का?"

"नारळ ठेवू, गाऱ्हाणे घालू, सांगून जाऊ," ती म्हणाली. "पण कौल नको. सासूबाईंची सेवा करताना मी कौल लावला नव्हता. आता दमले आहे, हे सांगायला तरी कौल कशाला?"

तिच्या स्वरात राग नव्हता. माझ्या मनात मात्र ते वाक्य खोल गेले. सेवेला आपण धर्म म्हणतो. सेवा करणाऱ्याच्या विसाव्याला मात्र चैन म्हणतो. देवळात रात्री शेजारती होते, देवीलाही निद्रेसाठी एकांत दिला जातो, आणि दाराबाहेर उभ्या भक्ताला त्यात काही गैर वाटत नाही. घरातल्या बाईच्या शेजारतीची वेळ मात्र आम्ही कधी ठरविलीच नाही.

तिकिटे काढली आहेत. तक्ता अजून माझ्या मेजावर आहे. मधल्या तीन दिवसांची जागा रिकामी पाहून काही तरी लिहावे म्हणून हात शिवशिवतो. पण त्या तीन दिवसांत मी तिला हाक मारायची नाही, एवढेच ठरवून लेखणी खाली ठेवतो.