नकाशावरची नदी आणि आमची प्राणहिता

राज्ये वसवण्याच्या आणि लढाया जिंकण्याच्या संगणकीय खेळांत नदीचे करायचे काय, हा प्रश्न वरवर पाहता पोरखेळाचा वाटेल. तो तसा नाही. या खेळांचा नकाशा घरांनी भरलेला असतो, पट बुद्धिबळासारखा, फक्त घरे बहुधा षट्कोनी. नदी दोन घरांच्या सीमेवर काढली तर ती अडसर होते. सैन्याला ओलांडताना खोळंबावे लागते. तीच नदी घरांच्या मधून नेली तर ती रस्ता होते आणि तिच्यातून गलबते चालतात. ‘सिव्हिलायझेशन’ या गाजलेल्या खेळमालिकेत वर्षानुवर्षे नद्या घरांच्या कडेने वाहत राहिल्या. मोठ्या नद्यांतून जहाजे वर नेण्याची सोय २०२५ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत झाली.

हे आम्हांला कळले ते आमच्या विद्यार्थ्यांमुळे. त्यांतले काही जण एका काल्पनिक राज्याचा नकाशा रचत होते आणि नद्यांना शोभतील अशी जुनी मराठी नावे हवीत म्हणून आमच्याकडे आले होते. आम्ही दोघेही मराठी शिकवणारे. नावे देणे हा आमचा धर्मच. मात्र त्यांचा एक नियम ऐकून आम्ही थबकलो. दोन नद्यांचा संगम झाला की पुढचा प्रवाह नौकानयनास योग्य धरायचा, असे त्यांनी ठरवले होते. नियम सुटसुटीत आहे, तर्काला धरूनही आहे. पण चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्याने तो मान्य करावा कसा?

वर्धा आणि वैनगंगा चपराळ्यापाशी भेटतात व त्यांची प्राणहिता होते. विदर्भाचे बहुतेक पाणी पोटात घेऊन ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. नकाशावर पाहावे तर हा राजमार्गच. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन यांनी तो तसा पाहिला. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधून त्रिभुज प्रदेशाचे रूप पालटणारा हा अभियंता. त्याची दृष्टी खुजी होती असे कोण म्हणेल? हिंगणघाट-वर्ध्याकडचा कापूस नावांत भरावा, वर्धेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून पूर्व किनाऱ्यावर न्यावा, अशी ही योजना होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि योजनेला धार चढली. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल तिच्या बाजूचे होते. १८६० मध्ये निजामाकडून गोदावरीचा डावा काठ मिळाल्यावर ‘अप्पर गोदावरी’ नावाचा स्वतंत्र जिल्हाच निर्माण झाला. त्याचे ठाणे सिरोंचा.

आज सिरोंच्याला जाणे म्हणजे जगाच्या टोकाला जाणे, असे आपल्याकडचे बदलीला भिणारे नोकरदार मानतात. एके काळी त्याचे नदीबंदर व्हायचे घाटत होते, हे त्यांना कोणी सांगावे!

आडवे आले ते तीन खडकाळ टप्पे. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीजवळ, तिसरा प्राणहितेत देवलमरीपाशी. हेग या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली दुम्मागुडेमला बंधारा, कालवा आणि जलपाश बांधण्याचे काम चालले. जलपाश म्हणजे दुहेरी दारांची कोंडी: नाव आत घ्यायची, दार लावायचे, पाणी भरून तिला वरच्या पातळीवर उचलायचे, मग पुढचे दार उघडायचे. खडक असे टाळता येतात. पण उन्हाळा टाळता येत नाही. पावसाळ्यात दुथडी वाहणारी ही नदी हिवाळा सरता सरता वाळूत विरू लागते. आणि कापूस तर वेचून, सरकी काढून, गाठी बांधून तयार होतो नेमका तेव्हाच. माल सिद्ध होतो तेव्हा पाणी नाही, पाणी असते तेव्हा माल नाही. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि कापूस बारमाही मुंबईकडे धावू लागला. १८७१ मध्ये नौकानयनाचे काम थांबवण्यात आले. १८७४ मध्ये जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडले गेले. तिथल्या ग्लासफर्ड या अधिकाऱ्याचे नाव मात्र तालुक्यातल्या ग्लासफर्डपेठा या गावाने जपले आहे.

या नदीने वाहतूक अजिबात केली नाही असे नव्हे. अहेरीकडच्या जंगलातले सागवान पुराच्या पाण्यावर तराफे करून खाली राजमहेंद्रीकडे जात असे. ओंडक्याला घाई नसते. तो पुढच्या पावसाची वाट पाहत पडून राहू शकतो.

आम्हांला खरा पेच दिसतो तो निराळाच. आगबोट वर चढू शकेल असे महिने कोणते? आषाढ, श्रावण, भाद्रपद. आणि नदीनाल्यांच्या पलीकडची गावे दवाखान्यापासून, बाजारापासून तुटतात ते महिने? तेच. लांबीच्या दिशेने जी नदी तेव्हा रस्ता होते, तीच रुंदीच्या दिशेने भिंत होते. आणि कॉटन यांच्या आराखड्यात विचार होता तो फक्त लांबीचा. काठावरच्या ढिवराचा डोंगा मात्र आडवा चालतो. बाळंतीण, बियाण्याचे पोते, शाळेचा मास्तर, सारे त्याच्या भरवशावर. आता मोठ्या नद्यांवर पूल झाले. आतल्या नाल्यांवर सगळीकडे झालेले नाहीत.

आम्ही विद्यार्थ्यांना एवढेच सुचवले, की त्यांच्या नदीला ऋतू द्यावेत: चार महिने ती घरांच्या मधून वाहावी, पण तेव्हा तिला ओलांडायला बंदी असावी, उन्हाळ्यात ती कोणालाही पायी ओलांडता यावी, पण तिच्यात नाव चालू नये. त्यांनी कुरकुर केली, खेळ फार अवघड होईल म्हणाले. सिरोंचा तालुक्यातली एक विद्यार्थिनी तेवढी गप्प होती. मग तिने विचारले, “सर, मॅडम, यात डोंगेवाल्याचं घर कुठं दाखवायचं?”

२०१६ च्या कायद्याने देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरवले. त्या यादीत वैनगंगा-प्राणहिताही आहे.