फडफड

अम्मीला महिन्यातून दोनदा नाशिकला डॉक्टरांकडे न्यावे लागे. येवल्याहून विंचूर, निफाड करीत ऐंशीएक किलोमीटर जायचे आणि तेवढेच परत यायचे. एस.टी.च्या पायऱ्या तिला चढवेनात, म्हणून निवृत्तीच्या पैशांतून एक जुनी गाडी घेतली. पेट्रोलवरची, टर्बोवाली.

एकदा विंचूरच्या अलीकडे ट्रकला ओलांडायला वेग घेतला. समोरून बस दिसली, तसा पाय उचलला. त्याच क्षणी बॉनेटखालून आवाज आला. फड्-फड्-फड्. मग शांत. अम्मी दचकून म्हणाली, "अंदर कबूतर अटक गया क्या रे?"

शहरातल्या एका गॅरेजमध्ये दहा मिनिटांत निकाल मिळाला. "टर्बो गेला. बदलावा लागेल. ८० हजार." अम्मीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेली रक्कम जवळपास तेवढीच होती.

जुम्म्याच्या नमाजनंतर शेजाऱ्याने मनमाड रस्त्यावरच्या एका मेकॅनिकचे नाव सांगितले. ते ऐकून मी गप्प झालो. पंधरा वर्षांपूर्वी तो पोरगा माझ्या नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा आणि बाकावर पट्टी वाजवायचा. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिले होते, 'वर्गात गोंधळ घालतो. शिक्षणात रस नाही.' त्याच वर्षी त्याने शाळा सोडली.

पत्र्याच्या शेडमधून तो हात पुसत बाहेर आला. "सलाम, सर." बॉनेटला त्याने हातही लावला नाही. आधी विचारले, "आवाज पाय दाबल्यावर येतो का उचलल्यावर?"

"उचलल्यावर."

"निळा धूर? ऑइल कमी होतं?"

"नाही."

"उभी असताना इंजिन खालीवर होतं?"

ते होत होते. मी कुणाला सांगितले नव्हते, कारण कुणी विचारलेच नव्हते.

मग त्याने मला समजावून सांगितले. मी जसे फळ्यासमोर सांगायचो, तसेच. धुराच्या जोरावर टर्बोचे एक चाक फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबून इंजिनात भरते. मिनिटाला लाखावर फेरे होतात. आपण पाय उचलला की हवेच्या वाटेवरची झडप मिटते. दाबलेली हवा पुढे जाऊ शकत नाही. ती मागे फिरते आणि चाकाच्या पात्यांवर आपटते. तीच फडफड. ती होऊ नये म्हणून एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाय उचलताच इंजिनातली ओढ बारीक नळीतून त्याचा पडदा खेचते, वाट उघडते आणि हवा टर्बोच्या तोंडाशी परत जाते. डिझेल गाड्यांचा वेग बहुधा अशा झडपेवर चालत नाही. त्यामुळे डिझेलवर हात बसलेल्याला हा आवाज अनोळखी वाटतो.

"पडदा फाटला असता तर दाबल्यावर फुस्स झालं असतं आणि गाडी ओढली नसती. बेअरिंग गेलं असतं तर शिट्टी वाजली असती, धूर आला असता. तुमचा आवाज तसला नाही."

तरी त्याने खात्री केली. पाइप काढून टर्बोचा दांडा बोटाने हलवून पाहिला. पाती कुठे घासत नव्हती. व्हॉल्व्ह काढला, आतला पडदा बोटाने वर ढकलला, नळीचे तोंड अंगठ्याने बंद केले आणि बोट सोडले. पडदा वरच राहिला. "चांगला आहे." शेवटी त्याने ती बारीक नळी वाकवली. टोकाजवळ चीर होती. ओढ व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नव्हती.

नवी नळी १२० रुपयांची. मजुरी तो घेईना.

टर्बोचे पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ साली घेतले, हे मी पुस्तकात वाचले होते. पण यातले काही मला येत नव्हते. मी विचारले, "हा कान कुठे तयार झाला?"

"मागावर, सर. पैठणी विणताना धागा तुटला की धोट्याचा आवाज बदलतो. नववीत होतो तेव्हा अब्बांची नजर गेली. रात्री मागावर मी बसायचो. दिवसा वर्गात डोळा लागू नये म्हणून पट्टी वाजवायचो."

हे त्याने हसत सांगितले. तक्रार नव्हती. मला मात्र वर बघवेना. माझे अब्बाही मागावर बसत. आमच्या गल्लीत कोणाच्या घरी रात्रभर माग चालतो, हे मला ठाऊक होते. त्या पोराचा आवाज मी वर्षभर ऐकला आणि तो कधी येतो, का येतो, हे एकदाही विचारले नाही. दहा मिनिटांत निकाल देणाऱ्या त्या गॅरेजवाल्यावर मी चिडलो होतो. मी तर एका ओळीत निकाल दिला होता.

पुढच्या खेपेला विंचूरजवळ मी मुद्दाम वेग घेऊन पाय उचलला. काही वाजले नाही. अम्मी म्हणाली, "उड़ गया कबूतर."

प्रगतिपुस्तकातली ती ओळ त्याच्या घरी कुठेतरी असेल. तिच्याखाली सही माझी आहे.