सहाबारी, आठबारी आणि १६५चा आकडा

बीप वाजतो आणि नेमबाजाचा उजवा हात कमरेवर जातो. रिव्हॉल्व्हर डोळ्यांसमोर येतं. तीन पुठ्ठ्यांवर प्रत्येकी दोन, अशा सहा गोळ्या सुटतात आणि चक्र रिकामं होतं. उजवा अंगठा खिटी दाबतो, डाव्या हाताची बोटं चक्र बाहेर ढकलतात, नळी वर होते, एजेक्टरच्या दांडीवर ठोसा बसतो आणि एकाच पोलादी चकतीत अडकलेल्या सहा पुंगळ्या जमिनीवर पडतात. तोवर पट्ट्यावरची भरलेली चकती हातात आलेली असते. नळी खाली, चकती आत, चक्र बंद. सरावलेल्या माणसाला या सगळ्याला दोन सेकंद लागतात, नवख्याला पाच-सहा. रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धेचा बराचसा निकाल या दोन सेकंदांत लागतो, आणि ते किती वेळा खर्च करायचे हे नियमपुस्तक ठरवतं.

नेमबाजी म्हटलं की मराठी वाचकाला तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे आठवतात. ठरावीक अंतर, ठरावीक जागा आणि दगडासारखं स्थिर शरीर. वरचं दृश्य मात्र प्रॅक्टिकल शूटिंगचं. त्यात नेमबाज धावतो, आडोशामागून वाकून पाहतो, गुडघ्यावर बसतो. पुठ्ठ्याची लक्ष्यं असतात, पडणाऱ्या लोखंडी पाट्या असतात, आणि ज्यांना गोळी लागली तर दहा गुण कापले जातात अशी 'नो-शूट' लक्ष्यंही मध्येच उभी असतात. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. येणाऱ्या आकड्याला 'हिट फॅक्टर' म्हणतात. अचूक पण सावकाश मारणारा मागे पडतो आणि नुसता भरधाव मारणाराही मागे पडतो.

या खेळाची मुळं कॅलिफोर्नियातल्या बिग बेअरच्या डोंगरात आहेत. १९५०च्या दशकात जेफ कूपर आणि त्याचे सोबती तिथे झटपट पिस्तूल काढण्याच्या स्पर्धा भरवत. बहुतेक जण कमरेजवळूनच गोळी झाडत. जॅक वीव्हर या लॉस एंजेलिसच्या पोलिसानं मात्र रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत धरून डोळ्यांच्या रेषेत आणायला सुरुवात केली, आणि तो जिंकू लागला. त्याच्या हातात स्मिथ अँड वेसनचं सहा इंची नळीचं के-३८ होतं. आज पिस्तूल शिकवणाऱ्या शाळांत 'वीव्हर पवित्रा' म्हणून जे शिकवतात, त्याचा जन्म असा एका सहाबारीच्या मुठीवर झाला. १९७६मध्ये मिझुरी राज्यातल्या कोलंबिया शहरात आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे आयपीएससी, स्थापन झाली. कूपर तिचा पहिला अध्यक्ष. ब्रीदवाक्य लॅटिन आहे आणि त्यात तीन गोष्टी आहेत: अचूकता, ताकद, वेग.

यातल्या 'ताकद' या शब्दानंच साधनांच्या नियमांचा निम्मा पसारा उभा केला आहे. हलक्या काडतुसाचा धक्का कमी, त्यामुळे पुढची गोळी लवकर सुटते. ताकदीला मोल दिलं नाही तर सगळेच हलकं काडतूस वापरतील. म्हणून पॉवर फॅक्टर आला. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला किती फूट, दोन्हींचा गुणाकार करायचा आणि हजारानं भागायचं. २३० ग्रेनची .४५ची गोळी ७२० फुटांच्या वेगानं गेली तर १६५.६ येतात. १४७ ग्रेनची ९ मिलिमीटरची गोळी ८६० फुटांनी गेली तर १२६.४. अमेरिकन संघटनेत, म्हणजे यूएसपीएसएत, १६५ला 'मेजर' आणि १२५ला 'मायनर' मिळतं. मेजरचा उंबरठा पूर्वी १७५ होता. लक्ष्याच्या मधल्या 'ए' पट्ट्यात दोघांनाही पाचच गुण, पण 'सी'त मेजरला चार आणि मायनरला तीन, 'डी'त मेजरला दोन आणि मायनरला एक. थोडक्यात, जड काडतूस वापरणाऱ्याच्या छोट्या चुका स्वस्तात सुटतात.

सुरुवातीच्या काळात ही ताकद टांगलेल्या लंबकावर गोळी मारून मोजत. आता गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ असतो. मोठ्या सामन्यात अधिकारी नेमबाजाच्या पट्ट्यावरून आठ काडतुसं उचलतात. एकाची गोळी उपटून तराजूवर ठेवतात, तीन झाडतात. सरासरी कमी भरली तर आणखी तीन झाडतात आणि सहांतल्या सर्वांत वेगवान तीन धरतात. तरीही कमी पडलं तर आठवं काडतूस उरतं. ते झाडायचं की त्याचीही गोळी उपटून वजन करायचं, हे नेमबाजानं सांगायचं. आकडा १६४.९ आला तरी तो मेजर धरत नाहीत. १२५च्या खाली गेला तर माणूस सामना पुरा खेळू शकतो, पण त्याच्या नावापुढे गुण लागत नाहीत. म्हणून जाणती माणसं १६५ला १६५ भरत नाहीत, चार-पाच आकडे वर ठेवतात. थंडीच्या सकाळी बारूद थोडं मंद जळतं, आणि परक्या क्रोनोग्राफचा आकडा घरच्यापेक्षा थोडा वेगळा येऊ शकतो.

वीस-वीस काडतुसं पोटात घेणारी पिस्तुलं असताना रिव्हॉल्व्हरला त्यांच्याशी थेट भिडवणं अन्यायाचं होतं, म्हणून त्याला स्वतंत्र विभाग मिळाला. पुष्कळ वर्षं त्याची अट साधी होती. चक्रात घरं कितीही असोत, पुन्हा भरण्याआधी सहाच गोळ्या झाडायच्या. हे राज्य .४५ एसीपीच्या सहाबारीचं होतं, विशेषतः स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल ६२५चं. लुइझियानाच्या जेरी मिकुलेकनं १९९९मध्ये याच मॉडेलनं सहा गोळ्या झाडल्या, चक्र पुन्हा भरलं आणि आणखी सहा झाडल्या. सगळं मिळून २.९९ सेकंद. तो विक्रम पाहून कित्येकांनी ६२५ विकत घेतलं.

२०१४मध्ये यूएसपीएसएनं नियम बदलला. आठही गोळ्या झाडायला परवानगी मिळाली, मात्र सातवी-आठवी झाडणाऱ्याला मायनरचेच गुण. मेजर हवं तर सहावर थांबायचं. कागदावर हा सौदा बरोबरीचा दिसतो. पण स्टेज, म्हणजे सामन्यातल्या एकेका फेरीची मांडणी, आखणाऱ्यांवर आधीपासून दुसरा एक नियम होता: एका जागेवरून आठपेक्षा जास्त गोळ्या मागायच्या नाहीत. साहजिकच बहुतेक आखण्या आठ-आठच्या असतात.

हिशेब करून पाहू. चार पुठ्ठे, आठ गोळ्या, दोघांचेही सहा 'ए' आणि दोन 'सी'. सहाबारीवाल्याला मेजरचे ३८ गुण, आठबारीवाल्याला मायनरचे ३६. आठबारीवाला पाच सेकंदांत मोकळा झाला तर त्याचा हिट फॅक्टर ७.२. सहाबारीवाल्याला सहा गोळ्यांनंतर जागच्या जागी उभं राहून चक्र भरावं लागलं. त्याचे दोन सेकंद धरले तर ३८ भागिले ७, म्हणजे ५.४. बरोबरी साधायची तर त्यानं चक्र पाव सेकंदात भरायला हवं, आणि ते मिकुलेकलाही जमणार नाही. आता तीच स्टेज सहा-सहाच्या टप्प्यांत आखा. एका जागेवरून सहा, मग चार पावलं धावून पुढच्या जागेवरून सहा. इथे दोघंही धावता धावता चक्र भरतात, वेळ सारखाच लागतो आणि जास्तीचे गुण सहाबारीवाल्याच्या पदरात पडतात.

नियम बदलल्यावर कडू-गोड प्रतिक्रिया आल्या. एका झटक्यात कपाटातली महागडी हत्यारं मागे पडली, असं जुन्यांना वाटलं. नव्यांना उलट आठबारीमुळे हा विभाग सोपा झाल्यासारखा वाटला, कारण उभ्याउभ्या चक्र भरण्याची शिक्षा टळली. माझ्या मते नियमाचा हेतू योग्य होता, पण स्टेज आखणाऱ्यांकडून काहीच न मागणं ही त्यातली उणीव राहिली. प्रत्येक सामन्यात निदान दोन-तीन स्टेज सहाच्या पटीत आखायची अट घातली असती, तर १६५च्या आकड्याला आजही अर्थ राहिला असता.

स्मिथ अँड वेसननं त्याच २०१४ साली मॉडेल ९२९ बाजारात आणलं. ९ मिलिमीटर, आठ घरं, टायटॅनियमचं चक्र, आणि मिकुलेकचं नाव. .३५७चं आठबारी ६२७ आधीपासून होतंच. त्यात स्पर्धक .३८ शॉर्ट कोल्ट हे एकोणिसाव्या शतकातलं, जवळपास विस्मरणात गेलेलं काडतूस भरू लागले. .३८ स्पेशलची पुंगळी २९.३ मिलिमीटर लांब, शॉर्ट कोल्टची १९.४. पुंगळी जितकी आखूड, तितकी ती लवकर बाहेर पडते आणि नवी लवकर आत जाते. आयपीएससीची किमान मर्यादा १९ मिलिमीटर आहे, म्हणजे हे काडतूस तिच्यावर अर्धा मिलिमीटरही नाही. हत्यार, काडतूस, पुंगळीची लांबी, सगळं नियमाच्या कडेला येऊन थांबतं.

चकतीचाही इतिहास ऐकण्यासारखा आहे. अमेरिका १९१७मध्ये पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा सैन्याकडे .४५ची पिस्तुलं पुरेशी नव्हती. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांना पिस्तुलाचंच काडतूस वापरणारी रिव्हॉल्व्हर बनवायला सांगितलं. पण पिस्तुलाच्या काडतुसाला बाहेर आलेली कड नसते, त्यामुळे एजेक्टरला पकडायला काही मिळत नाही. तोडगा म्हणून तीन काडतुसं धरणारी अर्धचंद्राकार पट्टी निघाली. पुढे सहांची पूर्ण चकती आली. तिचं नाव मून क्लिप.

.४५ची ही चकती जेमतेम मिलिमीटरभर जाडीची. बुटाखाली आली की किंचित वाकते, डोळ्यांना दिसतही नाही. मग चक्र फिरताना अडतं, चाप मध्येच जड होतो आणि चालू स्टेजमध्ये पाच गोळ्यांवर हत्यार थिजतं. म्हणून घरी प्रत्येक रिकामी चकती काचेवर सपाट ठेवून बोटानं दाबून पाहायची. डुगडुगली तर फेकायची. भरलेल्या चकत्या छिद्रं पाडलेल्या मापाच्या ठोकळ्यात एकेक उतरवून बघायच्या. आपसूक आत गेली ती सामन्याला, अडली ती सरावाला.

चापाचं कामही असंच नाजूक. कारखान्यातून येणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा दुहेरी ओढ्याचा चाप दहा-बारा पौंडांचा असतो, स्पर्धक तो सहा-सात पौंडांवर आणतात. नियम त्याला आडकाठी करत नाही, पण हातोडी हलकी झाली की कठीण प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या बुडातली बारूद पेटवणारी टोपी, पेटत नाही. म्हणून ही मंडळी मऊ प्रायमरसाठी फेडरल कंपनीचाच माल शोधत फिरतात आणि प्रत्येक प्रायमर पुंगळीत पुरता खोल बसलाय का, हे नखानं चाचपतात. वर राहिलेला एक प्रायमरही चक्र अडवायला पुरतो.

धक्का कमी करणारी नळीची छिद्रं आणि कॉम्पेन्सेटर यांना या विभागात जागा नाही, त्यासाठी 'ओपन' विभाग आहे. होल्स्टरनं चाप झाकलेला हवा. चक्र भरताना बोट चापाच्या कडीत दिसलं किंवा नळी ठरलेल्या कोनापलीकडे मागे वळली, की नेमबाज त्या सामन्यातून बाहेर. याबाबतीत कुणाचाही मुलाहिजा नाही, आणि नसावाच.

केवळ रिव्हॉल्व्हरसाठी १९९१मध्ये स्थापन झालेल्या आयकोर संघटनेनं वेगळी वाट धरली. तिथे सहाबारीला स्वतःचा गट आहे, आणि वेळेत दंडाचे सेकंद मिळवून निकाल लागतो, त्यामुळे मेजर-मायनरचा तंटाच उद्भवत नाही.

आपल्याकडच्या परवानाधारकाच्या कपाटात बहुधा कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर असतं. २०१४मध्ये आलेलं 'निर्भीक'ही त्याच काडतुसाचं. .४५ आणि ९ मिलिमीटर ही आपल्या कायद्यानं सामान्य माणसाला मनाई असलेली मापं. .३२ची ९८ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ७०५ फूट जाते. गुणाकार केला तर पॉवर फॅक्टर ६९. गोळीचा व्यासही ९ मिलिमीटरच्या किमान मर्यादेपेक्षा कमी. तेव्हा या विभागाच्या दारातून ते आत जाऊ शकत नाही.

पण सामन्यांच्या चित्रफिती कुणालाही पाहता येतात. पुढच्या वेळी एखादी हाती लागली तर लक्ष्यांकडे नंतर बघा. आधी नेमबाजाच्या डाव्या हाताकडे बघा, आणि चक्र उघडण्याआधी किती बार झाले ते मोजा. सहा की आठ, एवढं मोजलंत की तो कोणत्या नियमाचा आधार घेऊन खेळतोय, हे तुम्हाला कळेल.