डोळ्यांची उलटतपासणी

चष्म्याला एकदाचं बाय-बाय करायचं, म्हणून लॅसिकच्या तपासणीला गेले. पहिल्या मशीनमध्ये नुसत्या गोल गोल कड्या. प्लासिडो डिस्क, १८८० सालची आयडिया! कॉर्नियावर या कड्यांचं प्रतिबिंब कसं पडतं, त्यावरून आकार कळतो. पण फक्त पुढच्या बाजूचा. माझा रिपोर्ट एकदम नॉर्मल. मी मनात गॉगलसुद्धा सिलेक्ट केला!

"आता शाइमफ्लूग करू," डॉक्टर म्हणाल्या. हा कॅमेरा गोल फिरत कॉर्नियाच्या उभ्या कापांचे फोटो घेतो. मागची बाजू आणि जाडीही मोजतो. तिथेच, मागच्या बाजूला, लाल डाग. केराटोकोनसची शंका. असा कॉर्निया लेसरने आणखी पातळ करायचा? लॅसिक कॅन्सल.

"डोळे फार चोळतेस का गं?"

डेडलाइनच्या रात्री दुसरं काय करते मी!