अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात : सकाळी गोल्फ, दुपारी बेसबॉल

वाळवंट म्हटले की आपल्यातील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जैसलमेर आणि लोद्रव्याची जिनालये उभी राहतात. त्यामुळे फिनिक्सजवळ राहणाऱ्या चिरंजीवांनी 'या खेपेस मार्चमध्ये या, वाळवंटात गोल्फ आणि बेसबॉल दोन्ही होईल' असे कळवले, तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, "वाळवंटात गवताची मैदाने? आणि पाणी कुठले?" या प्रश्नाकडे पुढे येतो. आधी प्रवासाच्या आखणीविषयी लिहितो, कारण या वेळी आमच्यासोबत व्याही आणि विहीणबाईही होत्या. व्याही जन्मभर धान्याच्या अडतीत रमलेले. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी चालण्यास सांगितले आणि त्यांना गोल्फचा छंद जडला. मला गोल्फ कळत नाही. अकरा वर्षांच्या नातवाला बेसबॉलखेरीज काही सुचत नाही. या सर्वांचा मेळ घालणे माझ्याकडे आले.

फेब्रुवारीअखेरपासून मार्चअखेरपर्यंत अमेरिकेतील मुख्य बेसबॉल संघांपैकी 15 संघ फिनिक्सच्या परिसरात सरावाला उतरतात. उरलेले 15 फ्लोरिडात जातात. ही प्रथा येथे 1947 मध्ये रुजली. त्या वर्षी क्लीव्हलंडचा संघ टूसॉनला आणि न्यूयॉर्क जायंट्स फिनिक्सला आले. आज या परिसरात अशी 10 मैदाने आहेत. या सामन्यांचे निकाल मुख्य स्पर्धेत धरले जात नाहीत. व्याह्यांना ते पटेना. "निकाल धरत नाहीत, तर तिकीट कशाला काढायचे?" मी म्हटले, "शेठजी, ही तेरीज आहे. ताळेबंद एप्रिलपासून." मग मात्र त्यांना एकदम उमगले. नामांकित खेळाडू तीन-चार डाव खेळून निघून जातात आणि पाठीवर नव्वदीतला क्रमांक असलेली अनोळखी मुले मैदानात येतात. त्यांच्यासाठी ही तेरीजच खरी. यादीत नाव राहणार की नाही, हे याच काही आठवड्यांत ठरते.

आखणीचे गणित सूर्यावर बांधले, तेव्हा सारे सोपे झाले. मार्चच्या मध्यास तेथे सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही साडेसहाच्या सुमारास होतात. सामने बहुधा दुपारी एकनंतर सुरू होऊन चारच्या आसपास संपतात, त्यामुळे घरी येऊन चौविहाराआधी जेवण निवांत होते. रात्रीचे सामनेही असतात. ते आम्ही सोडून दिले. गोल्फला सकाळी सातची वेळ घेतली. नवकारसी आल्यावर व्याही दुसऱ्या-तिसऱ्या छिद्रापाशी थांबून पाणी पीत आणि डब्यातील खाखरा काढत. बाहेरचे खाद्य आत नेण्याचे नियम प्रत्येक क्रीडागारात वेगळे असतात. तिकीट काढतानाच ते वाचावेत, कारण आत आपल्यासारख्यांना फळे आणि शेंगदाण्यांपलीकडे फारसे काही मिळत नाही आणि भाजलेल्या मांसाचा वास सर्वत्र असतो. तो सोसण्याची तयारी हवी, हे स्पष्टच सांगतो. फिनिक्समध्ये जैन मंदिर आहे. रविवार आम्ही दर्शनासाठी मोकळा ठेवला होता.

आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. स्कॉट्सडेल, मेसा, टेंपी ही मैदाने पूर्वेला, तर ग्लेनडेल, पिओरिया, सरप्राइज, गुडइयर पश्चिमेला आहेत. पूर्वेस गोल्फ आणि पश्चिमेस सामना असा दिवस आखला, तर निम्मा वेळ मोटारीत जातो. पहिल्याच दिवशी मी ही चूक केली आणि सामन्याचे पहिले दोन डाव हुकले. नातू तासभर माझ्याशी बोलला नाही.

गोल्फचे दर याच आठवड्यांत शिखरावर असतात आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की कोसळतात. आलिशान मैदाने टाळून आम्ही पापागो हे नगरपालिकेचे मैदान निवडले. मागे तांबड्या खडकांच्या टेकड्या आणि भोवती सग्वारो निवडुंग. सग्वारोला पहिली फांदी फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात. परवान्याशिवाय तो तोडणे गुन्हा आहे. चेंडू काटेरी रानात गेला की तो सोडून द्यायचा, कारण मार्चमध्ये साप बिळाबाहेर येऊ लागतात. व्याह्यांनी पहिल्या दिवशी चार चेंडू असे सोडले. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा बुडीत उधारी खर्ची टाकणाऱ्यासारखा होई.

आता पाणी. हिवाळ्यात तेथील बर्म्युडा गवत पिवळे पडते, म्हणून शरद ऋतूत वरून राय गवत पेरून पाहुण्यांसाठी मैदान हिरवे राखतात. उत्तर स्कॉट्सडेलच्या अनेक मैदानांना शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी दिले जाते, ही जमेची बाजू. पण कोलोरॅडो नदीचे पाणी 336 मैल लांबीच्या कालव्याने या भागात येते, आणि 2021 मध्ये त्या नदीवर प्रथमच टंचाई जाहीर झाली. पुढच्या वर्षी सर्वांत मोठी कपात अ‍ॅरिझोनाच्या वाट्याला आली. लाभ नसताना भांडवलातून लाभांश वाटणाऱ्या कंपन्या मी नोकरीत पाहिल्या होत्या. मला त्यांची आठवण झाली. पाणी गाळून, मोजून वापरणाऱ्या घरात वाढलेल्या सौभाग्यवती एकदाच मैदानावर आल्या आणि फवारे सुरू झाल्यावर मोटारीत जाऊन बसल्या. व्याह्यांनी त्यानंतर अठराऐवजी नऊच छिद्रे खेळायला सुरुवात केली. कारण त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

नातवाला माझ्याकडून हातमोजा हवा होता, तोही खऱ्या चामड्याचा, संघातल्या मुलांसारखा. सौभाग्यवतींनी साफ नकार दिला. माझी अडचण अशी की मी आयुष्यभर क्रिकेट पाहिले आणि तो चेंडू कशाचा आहे, याचा कधी विचार केला नाही. शेवटी कृत्रिम धाग्याचा मोजा घेतला. तो त्याने घातला, पण आनंदाने नव्हे.

शेवटचा सामना सॉल्ट रिव्हर फील्ड्सला होता. तेथील मूळ रहिवासी जमातीच्या जमिनीवर 2011 मध्ये हे क्रीडागार उभे राहिले. सीमेबाहेरच्या गवती उतारावर चादर अंथरून बसण्याची तिकिटे स्वस्त असतात. आम्ही पाचजण तेथे बसलो होतो. सहाव्या डावात एक चेंडू उडून आला, टप्पा खाऊन नातवाच्या त्याच मोज्यात शिरला. आजूबाजूच्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने धावत येऊन चेंडू आजीच्या हातात ठेवला.

"आजी, याला एकशे आठ टाके असतात. हाताने घातलेले."

सौभाग्यवतींनी चेंडू क्षणभर पदरावर ठेवला, मग उचलला आणि तांबड्या टाक्यांवरून अंगठा फिरवत मोजू लागल्या. व्याही माझ्याकडे पाहत होते. विसाव्याच्या पुढे त्यांची मोजणी चुकली, तेव्हा नातू शेजारी बसला आणि मराठीत पहिल्यापासून मोजू लागला.