एकशेतीन

त्याचं पूर्ण नाव डेनॉन डीएल-१०३: टर्नटेबलच्या दांड्याच्या टोकाला बसणारा, सुई धरणारा कार्ट्रिज. घरात आम्ही नुसतं ‘एकशेतीन’ म्हणतो. जन्म जपानचा, १९६०च्या दशकातला. एनएचके या तिथल्या प्रसारण संस्थेच्या स्टुडिओंसाठी त्याला घडवलं. दिवसभर कुणी ना कुणी सुई टेकवणार, उचलणार. नाजूकपणा परवडणारच नव्हता. ती नोकरीतली शिस्त अजून अंगात आहे.

दिसायला बोटाच्या पेराएवढा, वजन साडेआठ ग्रॅम. अर्ध्या इंचाच्या अंतरावर दोन स्क्रू आणि पाठीला चार पिना: लाल, हिरवी, पांढरी, निळी. त्यांत केसासारख्या तारा चिमट्याने बसवताना मी श्वास धरतो. तो मात्र स्वस्थ असतो.

आला तेव्हा मी त्याला चुकीच्या घरी दिला होता. टर्नटेबल नवं, देखणं. पण त्याचा दांडा अगदी हलका. एकशेतीनचे गुडघे ताठ. खर्जाच्या लाटेला सुईने वाकायचं आणि दांड्याने स्थिर राहायचं, हा रिवाज. इथे सुईबरोबर दांडाही हलू लागला. डग्ग्याचा घुमारा सैल पडला. मी त्यालाच नावं ठेवली आणि डबीत घातलं.

हिशेब मागाहून कळला. दांड्याचं वजन आणि सुईचा लवचिकपणा मिळून एक झोका ठरतो. तो सेकंदाला आठ ते बारा आंदोलनांच्या आत बसला की जोडी जमली. त्याच्या खाली वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे, त्याच्या वर गाणं. मऊ सुईला हलका दांडा लागतो, ताठ सुईला जड. मग एक जुनं, जड दांड्याचं टर्नटेबल घेतलं, सुईवर अडीच ग्रॅम भार दिला, आणि पाहुणा बोलू लागला.

बोलतो मात्र फार हळू. मूव्हिंग मॅग्नेट जातीचे त्याचे भाऊबंद चार-पाच मिलिव्होल्ट देतात. हा मूव्हिंग कॉइलवाला, ०.३ वर भागवतो. त्याचा आवाज वाढवायला मध्ये एक ट्रान्सफॉर्मर बसवावा लागला. त्या भावांची सुई झिजली तर घरच्या घरी काढून नवी लावता येते. याची तशी निघत नाही. हा जेव्हा थकेल तेव्हा अख्खाच थकेल.

आवडीनिवडीही पक्क्या. बालगंधर्वांच्या ७८च्या तबकड्या त्याच्यापुढे ठेवायच्या नाहीत. त्या रुंद खाचेला साधारण पंचाहत्तर मायक्रॉनची सुई हवी; याची सोळा-साडेसोळाची. ती तळाशी जाऊन धूळच वाचत बसेल. एलपीवर मात्र किशोरीताईंचा भूप लावावा. आलापातली एकेक जागा तो भरीव करून समोर ठेवतो, घाई नाही, चकाकी नाही. तंबोरा तर असा की खोलीत कुणी बसलंय असं वाटावं.

एक खोड आहे. एलपीच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर खाच सरकते. मध्यावरच्या लेबलाजवळ वीस-बावीसच. लाटा तिथे दाटीवाटीने बसतात, आणि याच्या हिऱ्याचं टोक गोल असल्यामुळे बारीक लाटेत ते पुरतं शिरत नाही. लंबगोल टोकाची सुई तिथे सहज शिरते. आणि आपला ख्याल तरी कसा! विलंबित कडेला, ऐसपैस. द्रुत आणि सगळ्या ताना लेबलाजवळ, जिथे जागा सर्वांत कमी. नेमकं तिथेच याच्या तोंडात ‘स’ किंचित खरखरतो.

जाणकार मित्र म्हणतात, लंबगोल सुईचा घे, तानाही स्वच्छ ऐकू येतील. बरोबर आहे त्यांचं. पण मी रात्री जेवणं झाल्यावर रेकॉर्ड लावतो, आणि बहुतेकदा द्रुत सुरू व्हायच्या आत माझा डोळा लागलेला असतो. सुई लेबलाशी पोचून टिक-टिक करत फिरत राहते. मग घरातलं कुणीतरी येऊन दांडा उचलतं.