पुन्हा पहिल्या खाणीत

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

रात्रीचे सव्वाअकरा. हातातोंडाशी आलेला घास गेला. ‘स्पेलंकी’ या गेममध्ये बर्फाच्या गुहेच्या शेवटच्या, म्हणजे बाराव्या मजल्यावर होतो. सहा हार्ट शिल्लक, हातात शॉटगन, खिशात ऐंशी हजारांवर डॉलर. बाहेर जायचं दार दिसत होतं. बर्फावर उडी मारली, पाय टेकले, पण धावायच्या बटणावरचं बोट उचललंच नाही. माणूस घसरत घसरत कडेला गेला आणि खालच्या काळ्या पोकळीत नाहीसा झाला. त्या दरीला तळ नाही, त्यामुळे सहा हार्ट काय आणि साठ काय. पुन्हा पहिल्या खाणीत. चार हार्ट, चार बॉम्ब, चार दोर.

लॅपटॉप मिटला, पण झोप लागेना. डोळे मिटले की तो घसरणारा माणूस दिसायचा.

बुधवार, ६ ऑगस्ट

दोन दिवस मनात एकच तक्रार होती: हा गेम अन्याय करतो. दर वेळी गुहा नवी, मग सराव तरी कशाचा करायचा?

आज गुहा कशी तयार होते ते नीट समजून घेतलं आणि तक्रार मागे घेतली. डेरेक यू या अमेरिकन गेमकर्त्याने २००८ साली हा गेम फुकट वाटला. त्यात प्रत्येक मजला म्हणजे चार गुणिले चार, अशा सोळा खोल्या. गेम आधी वरच्या रांगेतली एक खोली निवडतो आणि तिथून डावीकडे, उजवीकडे किंवा खाली सरकत दारापर्यंत वाट आखतो. सगळ्या खोल्या भरल्या जातात त्या त्यानंतर. साप, काटे, बाण कुठेही येवोत, वरून खालपर्यंत जाणारी एक वाट असतेच, आणि तिला बॉम्ब लागत नाही की दोर. म्हणजे सोमवारी दारापर्यंत वाट होती. मी घाई केली.

याच वहीत मागच्या पानावर नवा रकाना आखला: ‘का मेलो’. एका वाक्यात लिहायचं. पहिली नोंद: बर्फावर उतरताना धावायचं बटण सोडलं नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. ताई आली, सोबत भाचा. जेवणं झाल्यावर नारळीभाताचं ताट बाजूला सारून दोघं खेळायला बसलो. भाच्याने पहिल्याच मजल्यावर थेट खाली उडी टाकली. भिंतीतल्या दगडी तोंडातून बाण सुटला, दोन हार्ट गेले, धक्क्याने माणूस बेशुद्ध होऊन काट्यांवर पडला. संपलं.

“मामा, ही तर सापशिडी झाली!”

मला ते पटलं नाही. सापशिडीत साप कायम आपल्या घरात असतो आणि दान आपल्या हातात नसतं. इथे साप जागा बदलतात, पण पाऊल आपलं असतं. त्याला दाखवलं: कडेवर थांब, खाली बघ, दगड उचल आणि आधी तो टाक. बाणाचं तोंड माणूस आणि दगड यांत फरक करत नाही, समोरून काहीही गेलं की सुटतं, आणि एकदाच सुटतं. दगड टाकला, बाण सुटला, वाट मोकळी. त्याचा चेहरा असा काही उजळला की ताईसुद्धा हातातलं काम टाकून बघायला आली.

जाताना त्याने वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं: खाली न बघता उडी मारली.

बुधवार, १३ ऑगस्ट

लॅपटॉप गेल्या आठवड्यापासून रखडत होता म्हणून दुरुस्तीला दिला होता. आज आणला तर आतलं सगळं पुसलेलं. मला न विचारता डिस्क फॉरमॅट केली. फोटोंची प्रत माझ्याकडे होती. गेमची नव्हती.

बोगदेवाल्याचे दोन्ही बोगदे गेले. हा माणूस एक टप्पा संपला की भेटतो आणि पैसे मागतो. पैसे पुरे झाले की खणतो, मग थेट पुढच्या टप्प्यापासून सुरुवात करता येते. पहिल्या बोगद्याला एक लाख, दुसऱ्याला दोन लाख. एका फेरीत एवढे जमत नाहीत, आज पाच हजार, उद्या बारा हजार असे देत गेलो होतो. मेलो तरी दिलेले पैसे राहायचे. या गेममध्ये टिकून राहणारी गोष्ट जवळपास एवढीच, आणि गेली तीच.

वहीत काय लिहू? ‘का मेलो’च्या रकान्यात हे बसत नाही. तिथली प्रत्येक चूक माझी आहे आणि ती सुधारण्यासारखी आहे. इथे मला काही करताच आलं नसतं. नाही, आलं असतं: प्रत ठेवता आली असती. पण माझ्या वस्तूतलं पुसण्याआधी मला एका शब्दाने विचारायला हवं होतं. हे चुकलंच.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सुट्टी. ‘स्पेलंकी’च्या जातीच्या गेमना ‘रोगलाइक’ म्हणतात ते १९८० च्या ‘रोग’वरून. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी तो कॅलिफोर्नियात रचला. पडद्यावर चित्रं नाहीत, नुसती अक्षरं, आणि ए पासून झेडपर्यंत प्रत्येक अक्षर म्हणजे एक राक्षस. त्यातही अर्धवट खेळ जपून ठेवता यायचा, पण परत उघडला की जपलेली फाइल पुसली जायची. म्हणजे मेल्यावर मागे जाऊन चूक झाकता येऊ नये. ते पुसणं खेळणाऱ्याला आधीपासून ठाऊक असायचं. माझं दुःख पुसलं गेल्याचं आहेच, पण न सांगता पुसल्याचं जास्त आहे.

संध्याकाळी गेम पुन्हा उतरवून घेतला. उघडला मात्र नाही.

रविवार, १७ ऑगस्ट

आज बसलो. अकरा फेऱ्या. पहिल्या नऊ खाणीतच संपल्या, कारणं वहीत आहेत: वटवाघूळ वरून आलं, दुकानदाराची वस्तू पैसे न देता बाहेर नेली, आणि दोनदा भाच्याचंच वाक्य. दहावी जंगलापर्यंत गेली, पण खिसा रिकामा, बोगदेवाल्याला द्यायला काही नव्हतं.

अकराव्या फेरीत प्रत्येक कडेवर थांबलो. खाणीचे चारही मजले उतरलो, एक हार्ट शिल्लक. बोगदेवाला समोर उभा. त्याला दहा हजार दिले आणि जंगलात शिरल्या शिरल्या काट्यांवर पडून मेलो.

गेमच्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. पहिल्या बोगद्याचे नव्वद हजार बाकी आहेत.